पुस्तक वेगळं, तयारी तीच

अहिल्यानगर जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे शिक्षकांच्या बोलण्यातली ‘डाएट’, जिल्ह्याच्या ठिकाणी नाही. ती संगमनेरला आहे. 1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी अशा संस्था देशभर उभ्या राहिल्या. त्यामुळे दुसरी भाषा शिकवणारा शिक्षक घडतो कसा, याचा आढावा संगमनेरात उभं राहून घेणं मला रास्त वाटतं.

सर्वांत जास्त काम झालं ते इंग्रजीवर. एडिंबरा विद्यापीठात 1957 साली उपयोजित भाषाविज्ञानाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी हैदराबादेत केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली. आज ती इंग्रजी आणि परकीय भाषांचं केंद्रीय विद्यापीठ आहे, आणि इंग्रजी अध्यापनाची पदविका तिथून नोकरी सांभाळूनही करता येते. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर-मद्रासकडच्या साध्या शाळांमध्ये व्याकरण बाजूला ठेवून, मुलांना विचार करायला लावणारी कामं देऊन इंग्रजी शिकवून पाहिलं. जगभरच्या अभ्यासक्रमांत हा प्रयोग आजही शिकवला जातो. हिंदीसाठी आग्र्याचं केंद्रीय हिंदी संस्थान आहे.

महाराष्ट्रात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं. तोवर ते पाचवीला सुरू होई. इंग्रजी शिकवावं लागेल अशी कल्पनाही नसताना नोकरीला लागलेल्या हजारो गुरुजींवर आणि बाईंवर एका जूनमध्ये ही जबाबदारी पडली. प्रशिक्षणं झाली, पण ती बहुतेक ‘कसं शिकवायचं’ याची. शिक्षकाची स्वतःची इंग्रजी सुधारायला जो वेळ लागतो, तो चार-पाच दिवसांच्या वर्गात मिळत नाही.

पण माझी खरी काळजी मराठीची आहे. 2020च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. कायदा मोडणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कायद्याच्या बाजूने मी आहेच. बालभारतीनेही इतर माध्यमांच्या मुलांसाठी ‘सुलभभारती’ आणि नववी-दहावीला ‘अक्षरभारती’ अशी वेगळी पुस्तकं काढली. पुस्तक वेगळं झालं, शिक्षकाची तयारी मात्र तीच राहिली. बी.एड. 2015पासून दोन वर्षांचं झालं, तरी त्यातली मराठीची अध्यापन पद्धती मुलाला घरून मराठी येते असं धरूनच चालते. सूक्ष्म अध्यापनाच्या पाच-सात मिनिटांच्या पाठाला समोर विद्यार्थी म्हणून सहाध्यायीच बसतात. पाठप्रस्तावना, प्रश्न, फलकलेखन, सगळ्याचं निरीक्षण होतं. पण समोरच्या प्रत्येकाला मराठी येत असते.

संगमनेरच्या उर्दू शाळेतलं मूल घ्या. उर्दूत लिंगं दोन. ‘झाड पडलं’ हे त्याच्या तोंडी ‘झाड पडला’ असं येतं. नपुंसकलिंग मराठी मूल घरून घेऊन येतं, म्हणून मराठीच्या शिक्षकाला ते शिकवायची वेळच आलेली नसते. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च वेगळा आहे, हेही आपल्याला जन्मभर जाणवत नाही; मूल मात्र दोन्ही एकाच च ने वाचतं. लिपीत फरक नाही, मग त्याला कळावं कुठून? हे ‘चुकलं’ म्हणून कापायचं, की कानाला सवय लावून शिकवायचं, हे शिक्षकाला कुणीतरी आधी शिकवायला हवं. शेजारच्या अकोले तालुक्यातली ठाकर वाड्यांवरची मुलं आणि हंगामात ऊसतोडीच्या तळावर येणारी मुलं यांचीही घरची बोली पुस्तकापेक्षा निराळी असते.

यावर उतारा ठरेल असा एक नमुना पुण्यातच आहे. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेचं पश्चिम विभागीय भाषा केंद्र डेक्कन कॉलेजच्या आवारात आहे. परराज्यांतले नोकरीतले शिक्षक दहा महिने तिथे मराठी शिकतात आणि आपापल्या शाळेत जाऊन शिकवतात. प्रौढ वयात नवी भाषा बोलताना अडखळणं काय असतं, हे त्या शिक्षकाने सोसलेलं असतं. आपल्या बी.एड. आणि डी.एल.एड.मध्ये हीच गोष्ट नाही.

म्हणून डाएटच्या आणि विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मला तीन गोष्टी हव्यात. प्रत्येक छात्राध्यापकाने एक अनोळखी भारतीय भाषा निदान सहा महिने शिकावी. मराठीची ‘दुसरी भाषा’ म्हणून वेगळी पद्धती, वेगळ्या पेपरासह असावी. आणि इंटर्नशिपचे काही आठवडे उर्दू शाळेत किंवा वाडीवरच्या शाळेत व्हावेत, तिथल्या पाठांचं निरीक्षण मुलांची घरची भाषा बोलणाऱ्या शिक्षकाने करावं.