बालविभाग संपला, मोठ्यांचं कपाट बंद. मग आठवीतल्या मुलानं वाचायचं काय?

डिजिटल डेस्क, भंडारा : मी आठवीत होतो. वाचनालयाच्या बालविभागातली बरीचशी पुस्तकं वाचून झाली होती, म्हणून मोठ्यांच्या कपाटातली एक कादंबरी काढली. काउंटरवरचे काका म्हणाले, ‘बेटा, हे तुझ्यासाठी नाही.’ कादंबरी परत कपाटात गेली. पुढं दहावी, बारावी, इंजिनिअरिंग. त्या काळात हातात गाईड आणि नोट्सच होत्या. गोष्टीची पुस्तकं पुन्हा उघडली ती नोकरी लागल्यावर.

काका चुकले होते का? तसं म्हणता येणार नाही. त्यांच्याकडे दोनच प्रकारची कपाटं होती : लहानांची आणि मोठ्यांची. मधलं कपाटच नव्हतं. मोठ्यांसाठी लिहिणारे लेखक किशोरवयीन मुलांसाठी कादंबरी लिहितात, तेव्हा ते हे मधलं कपाट भरत असतात. मराठीतलं त्याचं अलीकडचं ठळक उदाहरण म्हणजे भारत सासणे.

नेमकं काय घडलं?

२०२४ चा साहित्य अकादमीचा मराठी बालसाहित्य पुरस्कार सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या कादंबरीला मिळाला. मूळचे जालन्याचे आणि प्रशासकीय सेवेत काम केलेले सासणे प्रामुख्यानं ओळखले जातात ते दीर्घकथांसाठी. ‘अनर्थ रात्र’, ‘चिरदाह’ ही त्यांची पुस्तकं प्रौढ वाचकांची. एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला झालेल्या ९५ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. अशा लेखकानं भूतबंगल्याची गोष्ट लिहावी आणि तिला राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळावा, हे मराठीत रोज घडत नाही.

कुमार साहित्य वेगळं कसं?

अमेरिकेतल्या ग्रंथालयांमध्ये साधारण १२ ते १८ वर्षांचे वाचक हा स्वतंत्र गट मानतात. आपल्याकडे त्यासाठी ‘कुमार’ हा शब्द जुनाच आहे. फरक फक्त सोप्या भाषेचा नाही. कुमार कादंबरीत घटनांकडे त्याच वयाच्या नजरेतून पाहिलं जातं. निर्णय मुलं घेतात, चुकतात आणि निस्तरतातही तीच.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ आठवून पाहा. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी त्यात बोलतो. पण ती कादंबरी प्रौढांसाठीच्या साहित्यात गणली गेली. किशोरवयीनांविषयीचं पुस्तक आणि किशोरवयीनांसाठीचं पुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्थात, मुलांनी ‘शाळा’ वाचायची ती वाचलीच!

याआधी कुणी लिहिलं नाही का?

लिहिलं. ‘काजळमाया’सारखे गडद कथासंग्रह देणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांनी ‘बखर बिम्मची’ आणि ‘मुग्धाची रंगीत गोष्ट’ लिहिली. अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहिणारे रत्नाकर मतकरी ‘अलबत्या गलबत्या’सारखी बालनाट्यंही करत राहिले. त्यांना २०१८ चा अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पण बिम्म काय किंवा अलबत्या काय, ही दुनिया मुख्यतः लहान मुलांची. तेरा ते सोळा वर्षांचा वाचक भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेकडे जायचा. त्यानंतर थेट मोठ्यांची कादंबरी.

मोठ्यांच्या लेखकानं लिहिल्यानं काय फरक पडतो?

पुढचं पुस्तक सापडतं. ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’साठी ओळखले जाणारे सलमान रश्दी यांनी १९९० मध्ये मुलासाठी ‘हरून अँड द सी ऑफ स्टोरीज’ लिहिली. चिलीच्या लेखिका इसाबेल आयेंदे यांची किशोरांसाठीची ‘सिटी ऑफ द बीस्ट्स’ २००२ मध्ये आली आणि पुढं तिची तीन कादंबऱ्यांची मालिका झाली. अशा लेखकाचं नाव दोन्ही कपाटांत असतं. चौदाव्या वर्षी आवडलेलं नाव अठराव्या वर्षी मोठ्यांच्या कपाटात पुन्हा दिसलं, की हात आपोआप तिकडे जातो. सासण्यांच्या बाबतीतही हे होऊ शकतं. आज समशेर, चार वर्षांनी ‘चिरदाह’.

मग अडचण कुठे?

लेबलमध्ये. अकादमीचा पुरस्कार ‘बालसाहित्य’ या नावानं मिळतो. राज्य सरकारच्या वाङ्मय पुरस्कारांतही ‘प्रौढ’ आणि ‘बाल’ असेच विभाग आहेत, ‘कुमार’ नाही. त्यामुळं पुरस्कारप्राप्त पुस्तक बालविभागात जातं. ओठावर मिसरूड फुटलेला नववीतला मुलगा तिथं दुसरीतल्या पोरांच्या रांगेत उभा राहायला लाजतो. पुस्तक त्याच्यासाठीच असतं, पण ते ज्या कपाटात आहे तिथं तो जात नाही.

आपल्याकडे काय करता येईल?

यासाठी नवी इमारत नको, एक फळी पुरे. तिच्यावर ‘कुमार’ अशी चिठ्ठी लावायची. तिथं समशेर आणि फास्टर फेणे ठेवायचे. शेजारी व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’. ती कादंबरी नाही, जंगलातल्या मुक्कामाची नोंद आहे. पण ते जंगल तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि ते तिकडे गेलं. साकोली-लाखनीच्या मुलांना ते आजही परकं वाटणार नाही. गावात वाचनालयच नसेल, तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. हे मासिक १९७१ पासून निघतं.

काउंटरवरच्या काकांनाही मग बोलणं सोपं जाईल. ‘बेटा, हे तुझ्यासाठी नाही’ म्हटल्यावर त्यांना लगेच पुढचं वाक्यही म्हणता येईल : ‘हे घे, हे आहे.’