साम्यवाचकाचा लोप : आरंभीचे अतिवास्तववादी लघुपट

अतिवास्तववादी लघुपटांची चर्चा बहुधा ‘स्वप्न’ या शब्दापासून सुरू होते आणि तेथेच थांबते. आंतोनँ आर्तो यांना मात्र हा शब्द मान्य नव्हता. त्यांच्या पटकथेवरून झेर्मेन द्युलाक यांनी केलेला ‘शिंपला आणि धर्मोपदेशक’ हा लघुपट ९ फेब्रुवारी १९२८ रोजी पॅरिसमध्ये प्रथम दाखविला गेला, तेव्हा अतिवास्तववाद्यांनी प्रेक्षागृहात गोंधळ घातला. आपली पटकथा ही स्वप्नाची प्रतिकृती नव्हे, असे आर्तो यांनी आधीच लिहून ठेवले होते.

हा आग्रह अलंकारशास्त्राच्या परिभाषेत अधिक स्पष्ट होतो. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द ही उपमेची चार अंगे होत. ‘जणू’ हा शब्द दोन वस्तूंना जोडतो, तसाच त्यांना सुरक्षित अंतरावरही ठेवतो. ‘हे स्वप्न आहे’ ही सूचना साऱ्या चित्रपटालाच लावलेला एक ‘जणू’ ठरते. ती मिळताच प्रेक्षक निर्धास्त होतो.

रने क्लेअर यांच्या १९२४ मधील ‘आंत्राक्त’ या दादावादी लघुपटात काचेखालून टिपलेल्या नर्तिकेचा घेरदार झगा फुलासारखा उमलतो. कॅमेरा वर सरकतो तेव्हा तेथे दाढीधारी चेहरा दिसतो. उपमा सुचविली जाते आणि लगेच मोडली जाते.

लुईस बुन्युएल आणि साल्वादोर दाली यांचा ‘अँ शियाँ आंदालू’ (१९२९) याहून पुढे जातो. चंद्रावरून ढगाची पातळ रेघ सरकते. क्षणभर वाटते की, क्रौर्य टाळण्यासाठी हे सौम्य उपमान योजले असावे. पुढच्याच दृश्यात वस्तरा डोळा कापतो. चित्रणासाठी मेलेल्या वासराचा डोळा वापरला होता, ही माहितीही तो धक्का फारसा कमी करीत नाही. लुप्तोपमेत गाळलेले अंग रसिक मनाने भरून काढतो; रूपकात अभेद असला तरी उपमेय कोणते याविषयी संदेह नसतो. येथे चंद्र हे उपमेय की डोळा, हेच ठरविता येत नाही. दोन्ही पडद्यावर सारख्याच प्रत्यक्षतेने उभे असतात.

या चित्रपटातील ‘आठ वर्षांनंतर’, ‘सोळा वर्षांपूर्वी’ अशा पाट्याही हेच कार्य करतात. कथनाचे व्याकरण शाबूत राहते, त्यातील कालक्रम मात्र निघून जातो. बुद्धीला स्पष्टीकरण देता येईल अशी प्रतिमा स्वीकारायची नाही, असा नियमच दोघा कर्त्यांनी केला होता. चित्रपटातील काहीही कशाचे प्रतीक नाही, असे बुन्युएल यांनी पुढे निक्षून सांगितले.

तेव्हा डोळा कशाचे प्रतीक आहे हा समीक्षकाचा प्रश्न निरुपद्रवी नाही. कर्त्यांनी हेतुपुरस्सर काढून टाकलेला ‘जणू’ तो परत बसवितो आणि प्रेक्षकाला त्याचे सुरक्षित अंतर परत मिळवून देतो. या लघुपटांच्या अभ्यासात अर्थापूर्वी रचनेकडे पाहणे आवश्यक ठरते, ते यामुळेच.