सूत्र बरोबर, उत्तर चूक!

निकालपत्रक तयार करताना पुढील प्रसंग कोणत्याही शाळेत घडू शकतो. एका विद्यार्थ्याच्या सरासरीच्या रकान्यात ३५ हा आकडा दिसतो. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ गुणच हवे असतात. तरीही शेजारच्या रकान्यात संगणकाने 'अनुत्तीर्ण' असा शेरा दिलेला असतो. संगणक चुकला का?

या विद्यार्थ्याला तीन चाचण्यांत ३३, ३५ आणि ३६ गुण मिळाले आहेत असे समजू. बेरीज १०४ आणि सरासरी ३४.६६... रकाना पूर्णांक दाखवण्यासाठी ठरवलेला असल्याने पडद्यावर ३५ उमटतात. आत साठवलेली संख्या मात्र ३४.६६... हीच राहते आणि तुलना होते ती या आतल्या संख्येची. संख्या खरोखरच पूर्णांकात आणायची असेल तर सूत्रातच 'राउंड' ही आज्ञा वापरावी लागते. असे करावे की नाही, हा परीक्षेच्या नियमाचा प्रश्न आहे. तो शिक्षकांनी ठरवायचा, संगणकाने नव्हे.

स्प्रेडशीटमधील चुका दोन प्रकारच्या असतात. शून्याने भागायला सांगितले, तर संगणक उत्तराच्या जागी चुकीची खूण दाखवतो. ही झाली बोलकी चूक. परंतु पुष्कळदा उत्तर म्हणून एक साधी, पटण्याजोगी संख्या येते आणि तीच चुकीची असते. ही मुकी चूक अधिक धोक्याची, कारण तिच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. प्रयोगाच्या नोंदी मांडताना आम्हीही तिला फसलो आहोत. उत्तराविषयी शंका आली की आम्ही चार गोष्टी क्रमाने पाहतो.

पहिली गोष्ट : चौकटीत दिसते ती संख्याच आहे का? समजा, पाच विषयांचे गुण ४८, ५२, ६१, ४५, ७० आहेत. बेरीज २७६ आणि सरासरी ५५.२ यायला हवी. पण दुसऱ्या फाइलमधून उतरवून घेताना ६१ हा आकडा मजकूर म्हणून साठवला गेला, तर 'सम' ही आज्ञा त्याला वगळते आणि बेरीज २१५ येते. 'अॅव्हरेज' ही आज्ञा चारनेच भागून ५३.७५ हे उत्तर देते. ते खऱ्या उत्तराच्या इतके जवळ असते की संशयही येत नाही. ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. मांडणी मुद्दाम बदललेली नसेल, तर संख्या चौकटीच्या उजव्या कडेला आणि मजकूर डाव्या कडेला बसतो. 'काउंट' ही आज्ञा फक्त संख्या मोजते. ती येथे ५ ऐवजी ४ सांगेल.

दुसरी गोष्ट : रिकामी चौकट आणि शून्य यांतील फरक. ४० आणि ५० गुण मिळवणारा विद्यार्थी तिसऱ्या चाचणीला गैरहजर होता. चौकट रिकामी ठेवली तर सरासरी ४५ येते, शून्य लिहिले तर ३०. दोन्ही गणिते बरोबरच आहेत. आपल्याला यांतील कोणते हवे होते, एवढाच प्रश्न आहे.

तिसरी गोष्ट : सूत्राची नक्कल. एकूण गुण एकाच चौकटीत लिहून पहिल्या विद्यार्थ्याची टक्केवारी काढली आणि ते सूत्र खाली उतरवले, की त्यातील चौकटींचे पत्तेही एकेक ओळ खाली सरकतात. दुसऱ्या विद्यार्थ्याचे गुण मग एकूण गुणांच्या खालच्या चौकटीने भागले जातात. पत्ता पक्का करण्यासाठी त्यात डॉलरचे चिन्ह घालावे लागते.

चौथी गोष्ट : सूत्राची व्याप्ती. सर्व ओळी सूत्रात आल्या आहेत का? ही चूक नामवंतांकडूनही होते. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली राष्ट्रांचे कर्ज आणि आर्थिक वाढ यांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. सरकारी खर्चात कपात करावी असे म्हणणाऱ्यांनी त्याचा आधार घेतला. २०१३ साली थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मायकेल अॅश आणि रॉबर्ट पॉलिन यांच्यासह ती आकडेमोड तपासली. सरासरीच्या सूत्रात ३० ते ४९ ऐवजी ३० ते ४४ एवढ्याच ओळी होत्या. त्यामुळे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश गळले होते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांहून अधिक कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ मूळ निबंधात उणे ०.१ टक्का होती. ती या तिघांच्या मते २.२ टक्के यायला हवी होती. या फरकातील मोठा वाटा काही माहिती वगळण्याचा आणि सरासरी काढण्याच्या पद्धतीचा होता. सूत्रातील चुकीचा वाटा लहान होता. पण मूळ स्प्रेडशीट उघडून पाहिल्यावाचून ती चूक कोणालाच दिसली नसती.

म्हणून पत्रक छापण्यापूर्वी तीन विद्यार्थ्यांचा निकाल हाताने काढून पाहावा : यादीतील पहिला, शेवटचा आणि एखादा गैरहजर राहिलेला. वरच्या वर्गांत तर याचा पाठच घेता येईल. वरीलपैकी एक चूक मुद्दाम पेरलेले पत्रक विद्यार्थ्यांना द्यावे आणि ती शोधायला सांगावे. पडद्यावरच्या आकड्याला 'हा कसा आला?' असे विचारण्याची सवय त्यांना त्यातून लागेल.