चूक नेमकी कुठल्या पाळीत?

'सिव्हिलायझेशन' हा काँप्युटर गेम हॅरोतल्या बऱ्याच मुलांच्या ओळखीचा आहे. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी तो १९९१ साली आणला. इ.स.पू. ४००० मध्ये एक गाव वसवायचे आणि पुढे राज्य वाढवत न्यायचे. बुद्धिबळासारखी एकेक पाळी, त्यामुळे विचाराला भरपूर वेळ.

नवखा खेळाडू पिरॅमिड बांधण्यात रमतो, वेशीवर पहारा ठेवत नाही. शेजारी चालून येतो, राजधानी पडते. मग तो 'सेव्ह' केलेली शेवटची पाळी परत खेळतो आणि पुन्हा हरतो! आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज बघतो, प्रोग्राम जिथे बंद पडतो तिथेच चूक असते असे नाही. वीस पाळ्या मागे जाऊन शोधावे लागते.

आपल्या इतिहासातही हेच दिसते. पानिपतचा पराभव १४ जानेवारी १७६१ चा. पण ऑक्टोबर १७६० मध्येच अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून आला, मराठी फौजेची दिल्लीची वाट तुटली आणि रसद आटत गेली. तिथे 'सेव्ह' नव्हते. तरी १७७१ मध्ये महादजी शिंदे दिल्लीत पोचलेच.

तेव्हा मूल हरले की "बंद कर तो गेम" म्हणण्याआधी विचारू या, "चुकलं कुठे, आणि कधी?"