अमेरिकेचं नाटक, नगरची प्रॉपर्टी

बालनाट्य स्पर्धा जवळ आल्या की नगरच्या शाळांत संहितेची शोधाशोध सुरू होते. यंदा कुणी दुसऱ्या महायुद्धातली अमेरिका रंगमंचावर आणायची हिंमत केली तर? विषय सातासमुद्रापलीकडचा वाटेल, पण अर्धी प्रॉपर्टी आपल्या जिल्ह्यातच पडून आहे.

दिग्दर्शकाने आधी साल पक्कं करावं. अमेरिकेतली मुलं झेंड्याला वंदन करताना उजवा हात समोर ताठ पसरायची, थेट नाझी सलामीसारखा! ही पद्धत हिटलरच्या कितीतरी आधीची. २२ डिसेंबर १९४२ ला तिथल्या संसदेने नियम बदलला आणि हात छातीवर आला. वर्गाचा प्रसंग त्याआधीचा असेल तर हात पसरलेलाच दाखवा. प्रेक्षक दचकतील, दचकू द्या.

आता माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. लाइफ जॅकेटमध्ये भरायचा कापोक जावा बेटातून यायचा आणि जावा जपान्यांनी घेतलं. मग अमेरिकन सरकारला आठवलं मिल्कवीड, म्हणजे आपल्या रुईचं चुलत भावंड. १९४४ मध्ये शाळेतली पोरं रानोमाळ हिंडून त्याची बोंडं गोळा करत होती. दोन पोती बोंडं म्हणजे एक जीव वाचला, असा प्रचारच होता. आणि बोंडं कशात भरायची? कांद्याच्या जाळीदार गोण्यांत, म्हणजे आत वारा खेळून ती वाळावीत. नगरकरांनो, नेप्तीच्या बाजारातून दोन गोण्या आणा, माळावरून रुईची सुकलेली बोंडं आणा आणि प्रयोगात एक बोंड उकला. म्हाताऱ्या स्पॉटलाइटमध्ये तरंगत पहिल्या रांगेपर्यंत जातील. असला इफेक्ट कुठलंही मशीन देणार नाही. फक्त चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

वेशभूषेवाल्यांसाठी: नायलॉन पॅराशूटकडे वळलं, मोजे मिळेनात. मग बायका पोटरीला रंग लावून मागच्या बाजूला भुवईच्या पेन्सिलीने सरळ रेघ ओढायच्या, मोज्याची शिवण दिसावी म्हणून. एक मैत्रीण खुर्चीवर उभी, दुसरी खाली बसून रेघ मारतेय. तयार प्रसंग!

स्वयंपाकघरात १९४३ च्या जानेवारीत कापलेल्या ब्रेडवर बंदी आली. गृहिणी इतक्या कावल्या की मार्चमध्ये ती उठवावी लागली. साखरेचं रेशन मे १९४२ पासून, माणशी आठवड्याला साधारण पाव किलो. रेशनपुस्तकांची नोंदणी शाळांमध्ये आणि लिहिणारे हात मास्तरांचेच. जादा काम गुरुजींच्या गळ्यात, तिकडेही!

नाणी हवीत? तांबं वाचवायला अमेरिकेने १९४३ मध्ये पोलादी सेंट पाडला. त्याच वर्षी धातू वाचवायला आपल्याकडे भोकाचा पैसा आला. आजीच्या डब्यात बघा, एखादा सापडेल. घड्याळंही दोन्हीकडे युद्धासाठी तासभर पुढे केलेली: तिकडे फेब्रुवारी १९४२ पासून, इकडे १ सप्टेंबर १९४२ पासून. मोटार कारखान्यांनी गाड्या थांबवून रणगाडे का काढले, हे मुलांना समजावायचं तर त्यांना नगरच्याच रणगाडा संग्रहालयात नेऊन अमेरिकन शर्मनसमोर उभं करा.

आणि कथानक? तेही नगरचंच. ऑगस्ट १९४२ पासून नेहरू भुईकोट किल्ल्यात कैद होते. १९४३ मध्ये त्यांच्या दोन भाच्या, चंद्रलेखा आणि नयनतारा, युद्ध चालू असताना बोटीने अमेरिकेला शिकायला गेल्या. नयनतारा तेव्हा सोळा वर्षांची. बॉस्टनजवळच्या वेलस्ली कॉलेजात त्या शिकल्या. त्यांचे वडील रणजित सीताराम पंडित, मूळचे कोकणातल्या मराठी घराण्यातले, जानेवारी १९४४ मध्ये वारले. मुली तेव्हा परदेशात, मामा नगरच्या किल्ल्यात. काही महिन्यांनी त्याच किल्ल्यात मामांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहायला घेतलं. नयनतारा सहगल यांच्या ‘प्रिझन अँड चॉकलेट केक’ या १९५४ च्या पुस्तकात हे दिवस आहेत.

रंगमंचाचे दोन भाग करा, डावीकडे वसतिगृह, उजवीकडे किल्ल्यातली खोली. पात्रं तीन, फर्निचर जेमतेम. स्पर्धेच्या वेळेत आरामात बसेल.