लंडन ते बेळगाव : अंतर व वेळ

किती मैलांवरून माल येणार यापेक्षा किती दिवसांनी येणार, हाच प्रश्न आम्ही धान्याचे व्यापारी प्रथम विचारतो. विमानप्रवासालाही हाच हिशेब लागू आहे, हे गतवर्षीच्या हिवाळ्यात मला उमगले.

मातोश्री अत्यवस्थ होत्या. लंडनला असणारी माझी कन्या तातडीने निघाली. रात्री ९ वाजता उड्डाण, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबई. मी बोटे मोजून आईला ‘साडेचौदा तास’ सांगितले. चिरंजीवांनी चूक दाखविली. हिवाळ्यात आपले घड्याळ लंडनच्या साडेपाच तास पुढे असते; ते वजा जाता प्रवास ९ तासांचाच. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. तिकडे जाताना मात्र उंचावरील पश्चिमी वारे समोरून येतात, म्हणून वेळ काहीसा अधिक लागतो. जून १९४८ मध्ये एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ विमान मुंबईहून प्रथम लंडनला गेले, ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत.

खरा विलंब मुंबईनंतर झाला. सांबऱ्याच्या विमानात जागा मिळेना. जेमतेम ५०० किलोमीटरांचा रस्ता, पण मोटारीला दहा तास लागले! आई घटकेघटकेला विचारी, “कुठवर आली रे?” मी गावाचे नाव सांगे : सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी.

रात्री साडेदहाला मोटार दारात उभी राहिली. आईने नातीचा हात धरला व “जेवलीस का गं?” एवढेच विचारले.