कोणी कुठल्या खाचरात उतरायचं?

मुळशीत भातलावणी सुरू झाली की रोपांच्या मुठी आधीच खाचरात जागोजागी टाकून ठेवतात. लावणाऱ्या बाईला मध्येच उठवून ओढ्यापलीकडच्या खाचरात पाठवलं, तर मुठी इकडे आणि हात तिकडे.

संगणकात असं सारखं होतं. कोणती प्रोसेस कोणत्या कोअरवर चालवायची, हे शेड्यूलर ठरवतो. कोअर बदलला की जुन्या कोअरच्या कॅशमध्ये जमवलेली माहिती मागे राहते. दोन सॉकेटच्या सर्व्हरवर दुखणं वाढतं. लिनक्समध्ये मेमरीचं पान सहसा त्याला पहिल्यांदा हात लावणाऱ्या कोअरच्या जवळ ठेवलं जातं. प्रोसेस पलीकडच्या सॉकेटवर गेली की दर वेळी हेलपाटा.

पुण्याहून मुळशीच्या वाटेवरच्या पाषाणला ही चैन परवडत नाही. तिथल्या आयआयटीएम या हवामान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ आणि २०२४ साली ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्का’ हे महासंगणक आले. २०२५ पासून भारतीय अंदाज प्रणाली ६ किलोमीटरच्या चौकटींत हवामान वर्तवते. अशा मॉडेलमध्ये पृथ्वीचे तुकडे हजारो प्रोसेसना वाटून देतात आणि एक जण रेंगाळला की बाकीचे खोळंबतात. म्हणून प्रोसेस कोअरला बांधून टाकायची.

पण हे सांगायचं कसं? लिनक्सने २००२ साली त्यासाठी सिस्टिम कॉल आणला: प्रत्येक कोअरला एक बिट, हवा असेल तर १. विंडोजचीही हीच रीत, पण तिथला आकडा फार तर ६४ बिटांचा. पासष्टावा प्रोसेसर बसवायचा कुठे? अखेर २००९ मध्ये ६४-६४ प्रोसेसरांचे गट पाडावे लागले. लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी-लायब्ररीने तर लिनक्सच्या कॉलमधला, बिटांची यादी किती मोठी ते सांगणारा रकाना २.३.३ आवृत्तीत काढला आणि २.३.४ मध्ये परत बसवला! अ‍ॅपलने २००७ साली वेगळी वाट धरली. प्रोसेसमधले कोणते थ्रेड शेजारी हवेत एवढंच सुचवा, कोअर आम्ही निवडू. लॅपटॉपला हे शोभतं. महासंगणकाला हुकूमच लागतो.

हुकूमही नीट द्यायला हवा. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते. तिथल्या एखाद्या नवख्या अभियंत्याने लिनक्सच्या टास्कसेट या आज्ञेने ‘टास्कसेट ३’ लिहून प्रोग्राम सुरू केला, तर तो तीन नंबरच्या कोअरवर जात नाही. ३ म्हणजे शेवटचे दोन बिट १, म्हणून तो शून्य आणि एक या कोअरांवर फिरतो. ‘-सी’ जोडलं की मात्र तीन नंबरचाच कोअर मिळतो, म्हणजे मोजायला गेलं तर चौथा.